सागवानी बैल आणि तोफेचा गाडा

श्रावण सरत आला म्हणजे नागपूरच्या महाल भागात आणि चितार ओळीत लाकडी बैलांच्या रांगा मांडल्या जातात. मुठीत मावणाऱ्या बैलापासून तो तीन वर्षांच्या मुलाला पाठीवर सहज वाहून नेईल अशा बैलापर्यंत सर्व मापांचे हे नंदी, कोणी पांढऱ्या रंगात नुकतेच न्हालेले, कोणी रंगाविना सागवानाच्या मूळच्या पिवळसर कांतीनिशी उभे, शिंगांना लाल-हिरवे पट्टे, वशिंडावरून उतरलेली रंगीत झूल, कपाळी बाशिंग आणि पायांखाली फळी व फळीला चार चाके, अशा थाटात गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. श्रावणी अमावास्येचा पोळा खऱ्या बैलांचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा तान्हा पोळा मुलांचा. त्या दिवशी नागपूरचे प्रत्येक पोर नवे कपडे घालून आपला बैल दोरीने ओढीत तोरणाखाली नेऊन उभा करते आणि मग घरोघर हिंडून हक्काने बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, वसूल करते. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे त्या नावाचे पुतळे, वाजतगाजत शहरातून निघते, आणि तिचा घोष एवढा मोठा असतो की परगावाहून आलेल्या पाहुण्याच्या ध्यानात मारबतच राहते, बैल राहत नाही.

माझे लक्ष मात्र लहानपणापासून त्या बैलाच्या चाकांवर खिळलेले आहे. बैल हा चालणारा प्राणी. चाक असते ते गाड्याला. सुताराने दोहोंची सांगड घालून गाडा काढून टाकला आणि त्याची चाके बैलाच्याच पायांखाली ठेवली, ही गोष्ट मुलाला मुळीच नवलाची वाटत नाही. मोठेपणी नागपूरच्या इतिहासाची पाने चाळताना मला असे दिसू लागले की हा काढून टाकलेला गाडा नेहमीच धान्याचा किंवा कडब्याचा नव्हता. या मुलखात बैलामागे कित्येकदा जो गाडा जोडला जाई तो तोफेचा असे. खेळणे घडवणारा हात आणि लष्करी सरंजाम घडवणारा हात यांतील अंतर आपण समजतो तितके कधीच नव्हते, हे मला त्या चाकांनी प्रथम सांगितले, आणि पुढे दूरदूरच्या देशांतील हकीकती वाचताना तेच पुन्हा पुन्हा पटत गेले.

नागपूर, वर्धा आणि छिंदवाडा या टापूतील बैलांची जी जात गवळाऊ म्हणून ओळखली जाते, ती हलक्या बांध्याची, पांढरट रंगाची, लांबट तोंडाची आणि चालीला विलक्षण चपळ आहे. पशुतज्ज्ञांच्या वर्णनांत असे नमूद आहे की डोंगराळ मुलखातून फौजेची रसद त्वरेने हलावी म्हणून मराठ्यांनी ही जात मुद्दाम जोपासली. तेव्हा चितार ओळीतील बैलाला पांढरा रंग देणारा कारागीर ज्या जनावराचे रूप नकळत उमटवतो, त्याचा मूळ नमुनाच फौजेचा चाकर होता. सेनासाहेब सुभा ही पदवी मिरवणाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकाच्या मध्यावर थेट बंगालपर्यंत दौडत गेल्या. त्या स्वाऱ्यांची दहशत अशी की बंगालमधील आया मुलांना निजवताना ज्या बर्गींची भीती गाण्यातून घालीत आल्या, ते बर्गी म्हणजे हेच नागपूरकरांचे स्वार. एका प्रांताच्या लेकरांच्या अंगाईत जाऊन बसलेली ही फौज आपल्या मागे बैलांचे तांडे घेऊन चालत असे. घोडा दौड मारी, परंतु दाणागोटा, डेरे, दारूगोळा आणि तोफा जागच्या हलत त्या बैलांच्या खांद्यावर.

दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या कारकीर्दीत त्या खांद्यांची कसोटी लागली. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजा हटल्या आणि नोव्हेंबरच्या २९ तारखेस अकोल्याकडील आडगावच्या मैदानात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि भोसले पुन्हा समोरासमोर आले. त्या दिवसाची एक हकीकत माझ्या मनातून जात नाही. इंग्रजांची फौज गावातून बाहेर पडून मैदानात उतरत असताना मराठ्यांच्या तोफांचा पहिला भडिमार झाला, आणि वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल त्या आवाजाने बुजले. गाडीवानांना ते आवरेनात, आणि बिथरलेली जनावरे मागच्या पायदळात शिरल्याने पलटणींची फळी विस्कटली. स्वतः वेलस्लीने पुढे होऊन शिपायांना पुन्हा रांगेत आणले नसते तर त्या लढाईचे पारडे कोठे झुकले असते कोण जाणे. वेलस्लीला बैलाची किंमत पुरती ठाऊक होती. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांवर त्याच्या मोहिमांची भिस्त असे आणि त्यांची त्याने मनापासून वाखाणणी केली होती. सायंकाळपर्यंत भोसल्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. १५ डिसेंबरला गाविलगड गेला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, आणि त्या तहाने कटकचा प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या दप्तरातून कायमचा उतरला.

परंपरा अशी सांगते की लहान मुलांना बैलाचे महत्त्व कळावे म्हणून याच दुसऱ्या रघूजी राजांनी १८०६ साली नागपुरात तान्हा पोळा सुरू केला. तोफा गमावून आणि मोठा मुलूख लिहून देऊन पुरती तीन वर्षे झाली नसतील, तोच एका राजाने आपल्या राजधानीतील पोरांच्या हाती लाकडाचा बैल द्यावा, या घटनेकडे मी केवळ कौतुकाने पाहू शकत नाही. मराठ्यांच्या राज्यव्यवहारातील अठरा कारखान्यांची यादी आपण शाळेत पाठ केलेली असते. पीलखाना, उष्ट्रखाना, दारूखाना, नगारखाना, फरासखाना, शिकारखाना अशी राजाच्या वैभवाची व युद्धाची सगळी अंगे तीत आहेत. मुलांच्या खेळण्याला तीत जागा नाही. त्या यादीबाहेरची ही वस्तू, आणि तिच्यासाठी उपयोगात आले तेच लाकूड व तेच सुतार. राजाच्या मनात त्या वेळी काय होते ते दप्तरात शोधण्याची वस्तू नव्हे. परंतु आडगावच्या रणात बैल पाहिलेल्या माणसांनीच आपल्या नातवंडांच्या बैलाला पहिली दोरी बांधून दिली असणार, एवढे कालगणना सांगते.

त्या लाकडाविषयी येथेच सांगून टाकतो, कारण सन १८०६ आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने मलबारात कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्यास जंगलांचा संरक्षक म्हणून नेमले, आणि हे संरक्षण वनश्रीच्या प्रेमापोटी नव्हते. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे इंग्रज आरमाराला लाकडाची निकड भासत होती, इंग्लंडचे ओक विरळ झाले होते, आणि सागवान समुद्राच्या पाण्यात कुजत नाही हे मुंबईच्या गोदीतील वाडिया मिस्त्रींनी सिद्ध करून दाखवले होते. त्या गोदीतून १८१० साली ‘मिंडेन’ आणि १८१७ साली ‘ट्रिंकोमाली’ अशी सागवानी लढाऊ जहाजे इंग्रज आरमारात दाखल झाली. यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात आजही पाहावयास मिळते. सागाचे झाड ही सरकारची मिळकत, रयतेने त्यास हात लावू नये, हा विचार या युद्धाच्या गरजेतून रुजला. अशा रीतीने एकाच वर्षी पश्चिम किनाऱ्यावर साग युद्धासाठी राखला जात होता आणि नागपुरात तोच साग पोरांच्या दोरीला बांधला जात होता.

आता सुताराच्या हाताकडे येऊ. लाकडी चाकाचे अवयव या मुलखात कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला विचारावेत. तो बोटे मोडून सांगेल. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांना कवेत घेणारे पुठे, आणि सर्वांवर लोहाराने तापवून चढवलेली व पाणी ओतून आवळलेली लोखंडाची धाव. तोफेच्या गाड्याचे चाक याच अवयवांचे असे. फरक भाराचा आणि बार उडाल्यावर बसणाऱ्या हिसक्याचा. म्हणून कंपनीने १८०१ साली कलकत्त्याजवळ काशीपूर येथे तोफांचे गाडे बांधण्याचा कारखाना काढला तेव्हा तिला प्रथम हवे होते ते तोफा ओतणारे नव्हेत, सुतार-लोहार हवे होते. हिंदुस्थानातील आजवर टिकून राहिलेल्या लष्करी कारखान्यांचा इतिहास तोफेपासून नव्हे तर तोफेच्या गाड्यापासून सुरू होतो, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. पुढे १९०४ साली जबलपुरास तोफगाड्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. आसपास सागाची जंगले, मध्यवर्ती लोहमार्ग आणि किनाऱ्यापासून सुरक्षित अंतर असे सर्वच तेथे जमून आलेले होते. दोन्ही महायुद्धांत त्या कारखान्याचे भोंगे अहोरात्र वाजले. ज्या प्रांतात पोळ्याचे बैल घडत, त्याच प्रांतात तोफांचे गाडेही घडत होते.

येथवरची गोष्ट लाकडाची झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील खेळण्यांनी लाकूड सोडून पत्रा धरला आणि या कथेला नवे वळण लागले. न्यूरेंबर्ग आणि त्याच्या आसपासच्या जर्मन गावांतून पत्र्याच्या मोटारी, चावीच्या आगगाड्या आणि रंगीत शिपाई जगभर जाऊ लागले, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानच्या शहरांतील सधन घरांतही तीच येत. १९१४ च्या ऑगस्टात युद्ध पुकारले गेले आणि जर्मनीचा माल बंद झाला. ती रिकामी जागा जपानने भरून काढली. सेल्युलॉइडच्या बाहुल्या आणि स्वस्त पत्र्याची खेळणी यांचा तेथून असा पूर आला की ‘जपानी’ हा शब्दच आपल्याकडे काही काळ स्वस्त आणि नाजूक मालाचे विशेषण होऊन बसला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि तो पूरही आटला.

खेळण्याच्या पत्र्यात आणि शिपायाच्या शस्त्रात नागपूरच्या मातीचा अंश होता, हे मात्र फारसे कोणी ध्यानी घेत नाही. रामटेकच्या वाटेवर मनसर आणि कांद्री येथे विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. मँगनीजवाचून पोलाद होत नाही. लोखंडातील गंधक आणि प्राणवायू यांचा दोष ते काढून घेते आणि मगच ते लोखंड लाटण्याला, वाकवण्याला, घडवण्याला राजी होते. त्या काळी जगाला मँगनीज पुरवणारे दोन मोठे देश म्हणजे रशिया आणि हिंदुस्थान. १९१४ साली तुर्कांनी दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली, काळ्या समुद्रातून निघणारे रशियाचे खनिज अडकून पडले, आणि इंग्लंडच्या पोलादाच्या भट्ट्यांना मध्य प्रांताच्या खाणींवर अधिकच विसंबावे लागले. १९१५ पासून इंग्रज सैनिकांच्या डोक्यावर जे पोलादी शिरस्त्राण आले ते शेफील्डच्या हॅडफील्डने शोधलेल्या मँगनीजयुक्त पोलादाचे होते, आणि त्यात शेकडा बाराच्या आसपास मँगनीज असे. फ्लँडर्सच्या चिखलात लढणाऱ्या शिपायाला रामटेक ठाऊक नव्हते, आणि मनसरच्या टेकडीवर टोपल्या वाहणाऱ्या मजूर बायांना फ्लँडर्स ठाऊक नव्हते.

त्याच युद्धात खेळण्यांवरच बंदी घालण्याचा विचार अमेरिकेत गंभीरपणे झाला. पोलाद आणि मजूर दोन्ही युद्धाला हवेत, तेव्हा नाताळात खेळणी विकू नयेत, असा तेथील राष्ट्रीय संरक्षण मंडळाचा कल झाला. १९१८ साली बांधकामाच्या खेळण्यांचा कारखानदार ए. सी. गिल्बर्ट हा आपल्या मालाच्या पेट्या घेऊन मंडळापुढे हजर झाला आणि त्याने ते खेळ मंत्र्यांच्याच हाती दिले. मंडळाचे गंभीर सभासद त्या खेळण्यांत रमले, आणि बंदीचा विचार मागे पडला. मला या हकीकतीत त्या कारखानदाराच्या चातुर्यापेक्षा त्या मंत्र्यांचेच कौतुक वाटते, कारण युद्ध चालू असताना ज्याच्या हाताला खेळण्याची ओढ आठवते तो माणूस अजून पुरता युद्धाच्या स्वाधीन झालेला नसतो.

दुसऱ्या महायुद्धात अशी दया कोणाला परवडली नाही. ब्रिटनमध्ये १९४२ च्या आरंभापासून धातूची खेळणी बनवण्यास सरकारी मनाई झाली. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनोचा कारखाना, ज्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या आणि इवलेसे नट-बोल्ट हाताळत जगातील कित्येक इंजिनियरांचे बालपण गेले, तो युद्धाच्या कामाला जुंपला गेला. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या पेढीने जहाजांच्या आणि पुलांच्या प्रतिकृती तयार केल्या, आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवावयाच्या तरत्या बंदराचे नमुनेही तेथेच घडले. अमेरिकेत लायोनेलने १९४२ च्या मध्यावर आगगाड्या थांबवून आरमारासाठी होकायंत्रे करण्यास घेतली, आणि मुलांची आठवण बुजू नये म्हणून १९४३ च्या नाताळात जाड कागदाची आगगाडी बाजारात आणली. ती पेटीतल्या तुकड्यांतून जुळवता जुळवता मोठी माणसेही हात टेकीत. त्या कागदी गाडीचे चित्र पाहताना मला नेहमी वाटते की कारखानदाराने तिच्या रूपाने मुलांना एक हमीपत्रच लिहून दिले होते.

परंतु खेळणेवाल्याने शस्त्र घडवल्याचे सर्वांत पूर्ण उदाहरण लंडनच्या दक्षिणेस मर्टन येथे घडले. तेथील लाइन्स घराण्याचा मूळ धंदा लाकडी घोड्यांचा. जॉर्ज आणि जोसेफ लाइन्स हे बंधू एकोणिसाव्या शतकात मुलांना बसून झुलता येईल असे घोडे बनवीत. जोसेफच्या तीन मुलांनी १९१९ साली स्वतंत्र पेढी काढली, आणि तीन रेषा मिळून त्रिकोण होतो या न्यायाने आपल्या नावावरून, कारण ‘लाइन’ म्हणजे रेषा, ‘ट्राय-अँग’ ही त्रिकोणाची मुद्रा घेतली. १९२४ साली उभारलेला त्यांचा मर्टनचा कारखाना पुढे जगातील सर्वांत मोठ्या खेळण्यांच्या कारखान्यांत गणला गेला. घोडा झाला, बाहुलीची घरे झाली, पायंडलच्या मोटारी झाल्या; आणि मग १९४० चा उन्हाळा आला. डंकर्कहून इंग्रज फौज जिवानिशी परतली, पण शस्त्रे किनाऱ्यावर टाकून. तातडीने, स्वस्तात आणि लाखांच्या संख्येने बनवता येईल अशी स्वयंचलित बंदूक हवी होती. मेजर शेपर्ड आणि टर्पिन यांनी १९४१ मध्ये ती आखली, आणि त्यांच्या नावांची आद्याक्षरे व एनफील्डच्या कारखान्याची पहिली दोन अक्षरे मिळून तिचे नाव स्टेन पडले.

या स्टेनगनचा तिसरा नमुना लाइन्स बंधूंच्या कारखान्याने तयार केला, आणि तो पाहिला म्हणजे घडवणाऱ्याचा पूर्वीचा धंदा लपत नाही. बंदूककार हा परंपरेने भरीव पोलाद घेऊन त्यातून नको ते कोरून काढतो. खेळणेवाला सपाट पत्रा घेतो, साच्यात दाबतो, वळवतो आणि कडा जोडतो. लाइन्सच्या कारागिरांनी बंदुकीचा सांगाडा आणि नळीभोवतीचे आवरण एकाच पत्र्याला गोल वळवून केले, दोन्ही कडा वरच्या अंगाला आणून तेथे झाळून टाकल्या आणि नळी कायमची आत बसवली. पत्र्याच्या मोटारीचे धड ज्या रीतीने तयार होई तीच ही रीत. दुसऱ्या नमुन्यात ६९ भाग होते, ते तिसऱ्यात ४८ वर आले. वरच्या बाजूने धावणारी ती उघडी शिवण, जी कोणत्याही अभिमानी बंदूककाराने घासून नाहीशी केली असती, तशीच ठेवली गेली. असा नमुना आठ लाखांहून अधिक संख्येने मर्टनमधून बाहेर पडला. अवघ्या दोन-तीन पौंडांत पडणारे हे शस्त्र हाती आल्यावर इंग्रज शिपाई त्याला वूलवर्थची बंदूक म्हणत. वूलवर्थ म्हणजे जेथे मुले चार आण्यांची खेळणी घेण्यास जात ते दुकान. शिपायांनी ते हेटाळणीने म्हटले असेल, पण वर्णन म्हणून ते अगदी अचूक होते. ज्या घराण्याने नातवंडांना लाकडी घोडे दिले त्याच घराण्याने मुलांना, म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या पोरांना, ही बंदूक दिली. आणि त्या पोरांतील कित्येकांनी पंधरा वर्षांपूर्वी लाइन्सच्या मोटारीत बसून पायंडल मारले होते, यात काहीच शंका नाही. हे लिहिताना मला त्या घराण्याला दोष द्यावासा वाटत नाही. हिटलर खाडीपलीकडे उभा असताना घोडे बनवीत बसणे कोणालाच शक्य नव्हते.

ती स्टेनगन नंतर आपल्याकडेही आली आणि फार दिवस राहिली. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या बर्फात आणि १९६२ च्या हिमालयात आपल्या जवानांच्या हाती ती होती, पोलिसांच्या खांद्यावर ती पुढेही वर्षानुवर्षे दिसे, आणि तिचे नाव मराठी वर्तमानपत्रांत इतके रुळले की तिच्या मागे कोणा शेपर्डचे व टर्पिनचे नाव आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. दिवाळीत टिकल्यांची पिस्तुले उडवणाऱ्या मुलांना तर शस्त्र आणि खेळणे यांतले अंतर कोणी समजावून द्यावे लागत नाही; ते दोन्ही बाजूंनी तो उंबरठा ओलांडत असतात.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे, आणि तो सांगितल्यावाचून ही कथा एकांगी राहील. पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडल्यामुळे किर्लोस्करवाडीचे नांगर अडले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील निरुपयोगी जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले, असे सांगितले जाते. तोफ ओढण्यास एके काळी जुंपलेला बैल तीच तोफ नांगराच्या रूपाने पुन्हा ओढू लागला. फक्त आता ती जमिनीत फाळ होऊन उतरत होती. आणि १९४५ च्या अखेरीस, शरण गेलेल्या जपानात, क्योटोजवळच्या ओत्सु गावी कोसुगे नावाच्या खेळणेवाल्याने अमेरिकन छावणीने फेकलेले अन्नाचे रिकामे डबे गोळा केले, ते सरळ करून कापले आणि त्यांची छोटी जीप बनवली. जेत्याच्या वाहनाची प्रतिकृती जेत्याच्याच उष्ट्या डब्यांतून घडली, आणि ती घेण्यास क्योटोच्या दुकानात रांगा लागल्या. युद्धाने नेलेले खेळणे परत आणण्याची ती रीत मला फार हृद्य वाटते.

नागपुरात या सर्व काळात काय होत होते, असे कोणी विचारील. येथे खेळण्याचा असा कारखाना नव्हता की जो सरकारने ताब्यात घ्यावा. मेकॅनोच्या पेट्या आणि जपानी बाहुल्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या असतील, रॉकेल आणि कापडासाठी रांगा लागल्या असतील, परंतु लाकडी बैलाला ना साचा लागतो ना दाबयंत्र. त्याला लागते ती वाकस, पटाशी, रंधा, कानस, आणि तुळई-दाराच्या कामातून उरलेला सागाचा एखादा तुकडा. पत्र्याच्या खेळण्याचे रूपांतर जितक्या सहजतेने बंदुकीत होते, त्याचे कारण त्याच्या मागे यंत्र असते, आणि यंत्राला आपण काय दाबतो आहोत याची पर्वा नसते. हाताने घडवलेला बैल कोणत्याही लष्करी मक्त्यात बसण्यासारखा नाही. तासाला शेकड्याने तो निघत नाही, एकासारखा दुसरा होत नाही, आणि त्याचे डोळे प्रत्येक कारागीर निराळे काढतो. नागपूरजवळच्या सिंदी रेल्वे येथे आजही तान्ह्या पोळ्याला माणसाहून उंच नंदी मिरवतात; तेही असेच एकेकटे घडलेले.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशभर लष्करी कारखान्यांची नवी फळी उभी राहिली आणि विदर्भाला तिचा मोठा वाटा मिळाला. भंडारा, भद्रावती आणि १९६६ साली खुद्द नागपुरात अंबाझरी येथे असे कारखाने निघाले. अंबाझरीत तोफगोळ्यांची धडे आणि हलक्या धातूचे भाग होतात, पिनाक अग्निबाणांचे कामही होते, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळ मोडून ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या त्यांपैकी यंत्र इंडिया या कंपनीचे मुख्यालय येथेच आले. त्याच वर्षी कोळशाच्या खाणींसाठी स्फोटके बनवण्याच्या धंद्यातून पुढे आलेल्या नागपूरच्या एका कारखान्याने आपले नवे हातगोळे सैन्याच्या स्वाधीन केले. भोसल्यांच्या काळी बैलांच्या जोरावर फौज उभी करणाऱ्या या शहरात आज शस्त्र आणि त्याचे भाग घडवणारी हजारो कुटुंबे राहतात. आणि ती कुटुंबेही पोळ्याला बैल आणतात.

काही वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी चितार ओळीत उभा होतो. पहिल्या पाळीवरून सुटलेला, कारखान्याचा निळसर पोशाख अजून अंगावर असलेला एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला घेऊन तेथे आला. मुलीने हातभर उंचीचा एक बैल पसंत केला. बापाने तो जमिनीवर ठेवून ढकलला. बैल थोडा जाऊन डावीकडे वळला. त्याने बैल उचलला, उलटा केला, चाके एकेक फिरवून पाहिली, बोटाने आसाला चाचपले आणि बैल विकणाऱ्या म्हातारबुवांना म्हणाला, ‘‘बुवा, हे पुढचं डावं चाक सुताभर मोठं आहे.’’ म्हातारबुवांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिले, मग चाकाकडे पाहिले, आणि काही न बोलता कानस घेतली. चाक काढले, घासले, बसवले, पुन्हा काढले. मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून ओणवी उभी होती. तिसऱ्या खेपेस बैल सोडला, तेव्हा तो रस्त्याच्या कडेने सरळ, अगदी दोरीत गेला, आणि ती त्याच्यामागे धावली.